शेजारावरून पटते ओळख

हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपेरम. त्याचा जनुकसंच २००२ मध्ये उलगडला आणि सुमारे ५,३०० जनुकांची यादी हाती आली. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जनुकांपासून बनणारी प्रथिने नेमके काय करतात, हे कळत नव्हते. यादी होती, पत्ते नव्हते.

या परजीवीच्या बाह्य पटलाखाली चपट्या पिशव्यांचा आणखी एक थर असतो. त्याला अंतःपटल संकुल म्हणतात. परजीवीला आकार आणि बळकटी त्यातूनच मिळते. तांबड्या पेशीत शिरण्यासाठी जोर लावणारी मायोसिनची यंत्रणा याच थरात रोवलेली असते. ४८ तासांच्या चक्राअखेर एका परजीवीचे वीस-तीस होतात, तेव्हा प्रत्येक पिल्लाची चौकटही हाच थर घडवतो. माणसाच्या पेशीत असा थर नाही. म्हणूनच औषध शोधणाऱ्यांना त्याचे मोल वाटते.

या थरातली प्रथिने ओळखण्यासाठी ‘बायोआयडी’ ही पद्धत कामी आली. ई. कोलाय जीवाणूतल्या एका विकराचा बदललेला नमुना ओळखीच्या प्रथिनाला जोडतात. हा विकर बायोटिन हे जीवनसत्त्व सक्रिय करून भोवताली सोडतो. रंगपंचमीला रंग उधळणाऱ्याजवळचे सगळे रंगतात, तशी सुमारे १० नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या टप्प्यातली प्रथिने बायोटिनने खुणावली जातात. मग पेशी फोडायच्या, बायोटिनला चिकटणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांनी खूण असलेली प्रथिने वेगळी करायची आणि वस्तुमान वर्णपटमापीने ती ओळखायची.

हॅम्बुर्गच्या संशोधकांनी अंतःपटल संकुलातल्या फिल-१ या ओळखीच्या प्रथिनाभोवती हा प्रयोग केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. या थरातली १२ परिचित प्रथिने हाती लागली, म्हणजे नेम बरोबर होता. पण जवळ सापडलेले प्रत्येक प्रथिन तिथलेच असते असे नाही. म्हणून नऊ अनोळखी प्रथिनांना हिरवे चमकणारे प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सहा त्या थरातली निघाली. तीन परजीवीच्या टोकाशी, वेगळ्याच जागी दिसली. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाला परजीवीने दाद न देण्याशी ज्याचा संबंध आहे, त्या केल्च-१३ प्रथिनाचे साथीदारही फिल-१च्या शेजारी आढळले.

यातून लगेच औषध निघणार नाही. या प्रथिनांचे काम अजून शोधायचे आहे. पण हजारोंच्या गर्दीत कुठे पाहायचे हे ठरले, की पुढचा प्रत्येक प्रयोग नेमका होतो. जुनी औषधे निष्प्रभ होऊ लागली असताना हा नेमकेपणा फार मोलाचा आहे.