कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या लोहयुक्त प्रथिनाविषयीच्या संशोधनासाठी त्या प्रसिद्ध आहेत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

शिक्षण

त्यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवून त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतल्यावर त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. तेथे त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेने स्त्रियांना प्रवेश देण्यास प्रारंभ केला.

सायटोक्रोमवरील संशोधन

केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना, बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी असून ते श्वसनक्रियेत भाग घेते, असे त्यांना आढळले. या प्रथिनात चार नायट्रोजन अणूंच्या कड्यामध्ये लोहाचा एक अणू असतो. तो एक इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पुढे देतो; त्यामुळे लोहाची संयुजा तीनवरून दोन आणि पुन्हा तीन होते. असे पुढे सरकणारे इलेक्ट्रॉन अखेर ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते व पेशीला ऊर्जा लाभते. रक्तातील हिमोग्लोबिनमधील लोह ऑक्सिजन वाहून नेते, तर सायटोक्रोममधील लोह इलेक्ट्रॉन वाहून नेते. श्वसनाची ही व्यवस्था प्राणी व वनस्पती यांत मूलतः समान आहे, हे अशा संशोधनातून स्पष्ट झाले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

भारतातील कार्य

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले व पुढे संचालकपद भूषविले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसून आले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्यासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.