समाजाची मोजणी आणि मोकळीक

भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते, हे आपल्याला सहज पटते. पण समाजाच्या अभ्यासाला काय लागते? माणसांना परीक्षानळीत घालून प्रयोग करता येत नाहीत. गावोगाव हिंडावे लागते, मोजणी करावी लागते, जुनी दप्तरे चाळावी लागतात. त्यासाठी वेळ व पैसा तर हवाच. शिवाय गैरसोयीचा निष्कर्षही मांडण्याची मोकळीक हवी.

ही सोय व्हावी म्हणून १९६९ साली केंद्र सरकारने भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. ही परिषद संशोधनाला अनुदान देते, अभ्यासकांना शिष्यवृत्त्या देते, संशोधन संस्था चालवायला मदत करते.

याचा उपयोग काय? एक उदाहरण पाहू. १९०१ साली भारतात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली ९३० उरल्या. आकडे जनगणनेच्या अहवालांत होतेच, पण त्यांचा अर्थ लावायचा कोणी? मोजताना स्त्रिया सुटल्या का? मुलींची लहानपणी आबाळ होते का? बाळंतपणात किती जणी दगावतात? एका प्रश्नाला लोकसंख्याशास्त्र हवे, दुसऱ्याला समाजशास्त्र, तिसऱ्याला वैद्यक.

१९७१ मध्ये सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी एक समिती नेमली. तिच्यासाठी परिषदेने निरनिराळ्या विषयांतील अभ्यासकांकडून अभ्यास करून घेतले. १९७४ चा ‘समानतेकडे’ हा अहवाल त्यातून आकाराला आला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती सुधारतच चालली आहे, हा सुशिक्षितांचा समज त्याने मोडून काढला. पुढे परिषदेने स्त्रियांविषयीच्या संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रमच हाती घेतला.

अशा संस्थेची अवघड जागाही इथेच आहे. पैसा सरकारचा आणि तपासायचे पुष्कळदा सरकारचेच धोरण! म्हणून कोणता प्रश्न घ्यायचा आणि उत्तर काय निघाले, हे अभ्यासकांनी ठरवायचे असते. ती मोकळीक गेली, तर उरतो फक्त सरकारी अहवाल.

प्रश्न अजून संपलेला नाही. २०११ साली एकूण प्रमाण ९४३ पर्यंत चढले. पण सहा वर्षांखालील मुलांत ते १९९१ च्या ९४५ वरून ९२० च्याही खाली घसरले. नुसता एकूण आकडा पाहिला असता, तर आपण समाधानाने पुस्तक मिटले असते.

हे वर्गातही करून पाहता येईल. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून गेल्या वीस वर्षांत पाचवीत आलेल्या आणि दहावीपर्यंत पोचलेल्या मुली-मुलग्यांची संख्या काढू या. नावे गाळून फक्त आकडे घेऊ. एका शाळेवरून देशाचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण गळती दिसली, तर ‘का?’ हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील.