एक्सेलच्या चार्टमध्ये तारखा का गंडतात? आणि त्या सरळ कशा करायच्या?

घर घ्यायला कर्ज काढलेल्या अनेकांचं लक्ष एका आकड्याकडे असतं, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर. तो वाढला की फ्लोटिंग व्याजदराच्या कर्जाचा हप्ता किंवा मुदत वाढते. त्यामुळे रेपो दराचे चार्ट सोशल मीडियावर सतत फिरत असतात.

असाच एक चार्ट तयार करून बघूया. रेपो दर बदलल्याच्या या खऱ्या तारखा आहेत, भारतीय पद्धतीने लिहिलेल्या. म्हणजे आधी दिवस, मग महिना.

२२/०५/२०२० : ४.०० टक्के
०४/०५/२०२२ : ४.४० टक्के
०८/०६/२०२२ : ४.९० टक्के
०५/०८/२०२२ : ५.४० टक्के
३०/०९/२०२२ : ५.९० टक्के
०७/१२/२०२२ : ६.२५ टक्के
०८/०२/२०२३ : ६.५० टक्के

गोष्ट सरळ आहे. दर दोन वर्षं ४ टक्क्यांवर होता आणि नंतर साधारण नऊ महिन्यांत अडीच टक्क्यांनी वाढला.

आता हीच यादी अमेरिकन सेटिंग असलेल्या संगणकावर एक्सेलमध्ये पेस्ट करा, तारखेनुसार सॉर्ट करा आणि लाइन चार्ट काढा. रेषा ४.४० वरून ५.४० वर जाते, मग ६.२५ वर. तिथून थेट ४.९० वर कोसळते. पुन्हा ६.५०, मग ४.०० आणि शेवटी ५.९०. चार्ट पाहणाऱ्याला वाटेल की ऑगस्ट २०२२ मध्ये दर कमी झाला. प्रत्यक्षात त्या वर्षी तो एकदाही कमी झाला नव्हता.

सगळे आकडे बरोबर, तरी चार्ट खोटा. असं का होतं?

एक्सेलसाठी तारीख म्हणजे एक आकडा

आपल्याला सेलमध्ये तारीख दिसते, पण एक्सेल आत एक साधा आकडा साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून रोज एक वाढवत जायचं. या हिशेबाने महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो दिवस, १ मे १९६०, म्हणजे २२०३७. आणि ४ मे २०२२ म्हणजे ४४६८५.

म्हणून कधी चार्टच्या खालच्या अक्षावर तारखेऐवजी ४४६८५ असं काही दिसलं तर घाबरू नका. तारीख शाबूत आहे, फक्त तिचा फॉरमॅट बदलायचा आहे. अक्षावर राइट क्लिक करा, 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस' उघडा आणि 'नंबर'मध्ये 'डेट' निवडा.

खरी अडचण वेगळी आहे. आपण ०४/०५/२०२२ लिहितो, तेव्हा यातला दिवस कोणता आणि महिना कोणता हे एक्सेलला ठरवावं लागतं. तो क्रम ते विंडोजच्या रीजन सेटिंगमधून घेतं. सेटिंग अमेरिकेचं असेल तर आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ४ मेचा ५ एप्रिल होतो, ८ जूनचा ६ ऑगस्ट होतो आणि ७ डिसेंबरचा १२ जुलै.

मग २२/०५/२०२० चं काय? बाविसावा महिना नसतोच. म्हणून एक्सेल ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून देतं. सॉर्ट केल्यावर असा मजकूर आकड्यांच्या खाली जातो. म्हणूनच २०२० मधला ४ टक्के दर चार्टच्या शेवटी जाऊन बसला.

बिघाड ओळखायचा कसा?

सेलची अलाइनमेंट आपण बदललेली नसेल, तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर धोक्याची घंटा समजा.

आणि इथेच बरेच जण फसतात. डावीकडच्या तारखा चुकलेल्या दिसतात म्हणून फक्त त्या दुरुस्त केल्या जातात. पण उजवीकडच्या, नीट दिसणाऱ्या तारखांमध्येही दिवस आणि महिना उलटलेले असतात. त्या जास्त धोकादायक, कारण त्या गुपचूप चुकतात.

दुरुस्ती कशी करायची?

उलटलेल्या तारखा एकेक करून शोधण्यापेक्षा मूळ यादी पुन्हा पेस्ट करणं सोपं पडतं.

एक्सेलमध्ये : रिकामा कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट आधी 'टेक्स्ट' करा. मग तारखा फक्त मजकूर म्हणून पेस्ट करा. आता एक्सेल कुठलाही अंदाज लावणार नाही. त्यानंतर 'डेटा' टॅबमध्ये 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा. तिसऱ्या पायरीवर 'डेट' निवडून शेजारी 'डीएमवाय' घ्या, म्हणजे दिवस, महिना, वर्ष. 'फिनिश' केलं की सगळ्या तारखा एकाच नियमाने वाचल्या जातात.

गूगल शीट्समध्ये : पेस्ट करण्याआधी 'फाइल', मग 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'लोकेल' इंडिया करा. आधीच उलटलेल्या तारखा नंतर लोकेल बदलून सरळ होत नाहीत, हे लक्षात ठेवा.

हाताने टाइप करत असाल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवा. २०२२-०५-०४ असं लिहिलं की गोंधळाला जागाच उरत नाही.

तारखा बरोबर, तरी चार्ट चुकीचा?

हेही होतं. कारण एक्सेलमध्ये खालचा अक्ष दोन प्रकारचा असतो. 'टेक्स्ट अ‍ॅक्सिस'वर प्रत्येक नोंद सारख्या अंतरावर बसते. 'डेट अ‍ॅक्सिस'वर मधल्या दिवसांच्या प्रमाणात अंतर पडतं.

आपल्या यादीत पहिल्या दोन नोंदींमध्ये जवळपास दोन वर्षं आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत फक्त ३५ दिवस. टेक्स्ट अ‍ॅक्सिसवर ही दोन्ही अंतरं सारखीच दिसतात आणि दर २०२० पासून हळूहळू वाढत गेला असा समज होतो. २०२२ मध्ये कर्जदारांना बसलेला झटका चार्टमधून गायबच होतो.

उपाय : 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस'मध्ये 'अ‍ॅक्सिस टाइप' असतो, तिथे 'डेट अ‍ॅक्सिस' निवडा. गूगल शीट्समध्ये चार्ट एडिटरच्या 'हॉरिझॉन्टल अ‍ॅक्सिस' विभागात 'ट्रीट लेबल्स अ‍ॅज टेक्स्ट' हा पर्याय असतो, त्याची खूण काढा.

तरी एक गोष्ट उरते. लाइन चार्ट दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडतो. त्यामुळे मे २०२० ते मे २०२२ दर थोडाथोडा चढत होता असं दिसेल. खरं तर तो ४ टक्क्यांवरच होता आणि एका दिवसात बदलला. म्हणून प्रत्येक बदलाच्या आदल्या दिवशीचा जुना दरही यादीत टाका. उदाहरणार्थ, ३ मे २०२२ : ४.०० टक्के. रेषा आता पायरीसारखी दिसेल आणि खरं सांगेल.

मग नेहमी डेट अ‍ॅक्सिसच वापरायचा का?

नाही. शेअर बाजार शनिवार-रविवारी बंद असतो. रोजच्या भावांचा स्तंभालेख काढला तर डेट अ‍ॅक्सिसवर दर आठवड्याला रिकामी जागा दिसते. तिथे टेक्स्ट अ‍ॅक्सिस सोयीचा. आणि तासातासाचा डेटा असेल, उदाहरणार्थ दिवसभरातलं तापमान, तर एक्सेलचा डेट अ‍ॅक्सिस दिवसापेक्षा लहान एकक ओळखत नाही. सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत जमा होतात. अशा वेळी 'स्कॅटर चार्ट' घ्यावा.

इतकं मनावर घ्यायची गरज आहे का?

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने कोरोना रुग्णांचा एक चार्ट प्रसिद्ध केला. त्यात स्तंभ सुबकपणे उतरत गेलेले दिसत होते. पण खालच्या तारखा क्रमाने नव्हत्या, जास्त रुग्णांचे दिवस आधी आणि कमी रुग्णांचे नंतर लावले होते. राज्यातले निर्बंध उठवले जात असतानाच हे घडलं. टीका झाल्यावर चार्ट बदलण्यात आला आणि गव्हर्नरच्या कार्यालयाने माफी मागितली.

आकडे वाचायला कुणाकडे वेळ नसतो, रेषा वर जाते की खाली हे मात्र सगळेच पाहतात. त्यामुळे चार्ट स्वतः बनवलेला असो वा फॉरवर्ड होऊन आलेला, शेअर करण्याआधी खालच्या अक्षावर तीन गोष्टी तपासा. तारखा क्रमाने आहेत का? त्यांच्यातलं अंतर खऱ्या दिवसांशी जुळतं का? आणि ज्या महिन्यात मोठा चढउतार दिसतोय, त्या महिन्यात खरंच तसं काही घडलं होतं का?