अकराचा एकोणीस

न्यू जर्सीत मी तेरा वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यांची बिलं करते. प्रत्येक बिलात एक छोटा रकाना असतो: रुग्णाला तपासलं कुठे? डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना असेल तर ११. हॉस्पिटलच्या आवाराबाहेरचा, पण हॉस्पिटलचाच विभाग असेल तर १९.

माझ्या नवऱ्याचा हृदयाचा इको दरवर्षी होतो. त्याच्या डॉक्टरांचा दवाखाना हॉस्पिटलने विकत घेतला, तेव्हा फक्त दारावरची पाटी बदलली. डॉक्टर तेच, मशीनही तेच. पण रकान्यात अकराचा एकोणीस झाला आणि त्या वर्षी बिलं दोन आली. एक डॉक्टरांचं, दुसरं हॉस्पिटलचं, 'फॅसिलिटी फी' म्हणून. इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला ठरावीक रक्कम आपणच भरायची असते, ते डिडक्टिबल. आमचं ते पुरं व्हायचं होतं, त्यामुळे दुसरं बिल सगळं आमच्यावर पडलं. मी फोन केला. बिल नियमाप्रमाणेच होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

हॉस्पिटलं म्हणतात, आम्हाला इमर्जन्सी चोवीस तास चालू ठेवावी लागते. खरं आहे. पण गुरुवारी दुपारी दवाखान्यात काढलेल्या इकोचा त्याच्याशी काय संबंध?

शिवाय डॉक्टर जितके जास्त हाताशी, तितकं हॉस्पिटल इन्शुरन्स कंपन्यांकडून चढा दर मागू शकतं. आयडाहोतल्या नॅम्पा गावात २०१२ साली सेंट ल्यूक्स या हॉस्पिटल-समूहाने सॉल्ट्झर हा डॉक्टरांचा गट घेतला. गावातल्या प्रौढांच्या प्राथमिक उपचारांपैकी जवळपास ८० टक्के वाटा एका हाती गेला. दर वाढतील म्हणून कोर्टाने २०१४ मध्ये तो व्यवहार मोडायला लावला. कॅप्स, ड्रॅनोव्ह आणि ओडी या संशोधकांनी २००७ ते २०१३ ची बिलं तपासली, तर हॉस्पिटलांनी घेतलेल्या डॉक्टरांचे दर सरासरी १४.१ टक्क्यांनी चढलेले दिसले.

दवाखाने विकणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रात्री नऊला इन्शुरन्सच्या परवानगीचे फॉर्म भरत बसलेले डॉक्टर मी पाहिलेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत खासगी प्रॅक्टिसमधले डॉक्टर २०१२ मध्ये ६०.१ टक्के होते, २०२४ मध्ये ४२.२.

२०१५ च्या कायद्याने आवाराबाहेरच्या नव्या विभागांना मेडिकेअर या सरकारी इन्शुरन्सचा हॉस्पिटल-दर बंद झाला. जुने विभाग मात्र बहुतांशी सुटले. आणि आमच्यासारख्या खासगी इन्शुरन्सवाल्यांना तो कायदा लागूच नाही.

आता अपॉइंटमेंट घेताना मी आधी विचारते, "बिलावर अकरा येणार की एकोणीस?" पलीकडची मुलगी बहुतेकदा म्हणते, थांबा, विचारून सांगते. मी थांबते.