चौकात तुटणारी वाट

पुण्यात आज सायकल कोण चालवतं, हे पाहायचं असेल तर पहाटे साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान कर्वे रस्त्यावर किंवा हडपसरच्या गाडीतळापाशी उभं राहावं. पेपरची लाइन टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून घराकडे निघालेले वॉचमन, कॅरिअरला डबा बांधून साइटवर जाणारे बिगारी आणि सुतार. त्यांच्यातूनच हेल्मेट आणि भडक जर्सी घातलेला एखादा गट सिंहगडाच्या दिशेनं निघून जातो. रहदारी वाढायच्या आत हा गट घरी परतलेला असतो. बिगाऱ्याला मात्र संध्याकाळी ऐन गर्दीत, अंधार पडताना, त्याच रस्त्यानं परत यायचं असतं.

शहरातल्या सायकलींविषयी बोलणं निघालं की आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा जर्सीवाला गट येतो. त्याच्याविषयी मला आदरच आहे. सायकलसाठी महापालिकेचे उंबरे झिजवणाऱ्यांत त्यातलेच लोक जास्त आहेत. पण रस्ता कुणासाठी सुरक्षित करायचा हे ठरवताना पहिला विचार बिगाऱ्याचा व्हायला हवा. त्याच्याकडे दुसरं वाहन नाही.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्याला सबळ कारण होतं. गावाचा पसारा पेठांपासून खडकी-दापोडीपर्यंत, अंतरं तीन-चार मैलांची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. तासावर भाड्यानं सायकली देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, आणि डबलसीट दिसलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस अडवत. म्हणजे शासनाच्या लेखी सायकल हे एक रीतसर वाहन होतं.

पुढे १९७२ साली लुना मोपेड आली. आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. दुचाकींचा कारखाना शहराच्या कुशीत असताना सायकल मागे पडणं स्वाभाविक होतं. त्यातच शहर पसरत गेलं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे ही नावं शहराच्या यादीत गेली, पण तिथले रस्ते गावाचेच राहिले. फुटपाथ नाही, कडेला खडी, आणि त्याच रस्त्यावर टँकर, डंपर, सिमेंटचे मिक्सर. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यापाशी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मध्यरात्री डंपर गेला. तिघं दगावली, त्यांत दोन लहान मुलं होती. पोट भरायला शहरात आलेली ती माणसं.

देशाचा हिशेबही असाच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७, पायी चालणारी ३२,८२५ आणि सायकलवरची ४,८३६. तिन्हींची बेरीज केली तर एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांश होते. यांच्यापैकी कुणाभोवतीही पत्र्याचं कवच नसतं, पट्टा नसतो, एअरबॅग नसते. सायकलवाल्यांचा आकडा लहान दिसतो म्हणून सायकल सुरक्षित, असा अर्थ काढू नये. ज्यांना परवडलं त्यांनी भीतीपोटी सायकल सोडली, हेही त्या लहान आकड्यामागचं एक कारण आहे.

माणूस मरतो की वाचतो हे सर्वांत जास्त ठरतं वेगावर. ताशी ३० किलोमीटर वेगानं येणाऱ्या गाडीपुढे अचानक कुणी आलं, तर चालकाला ते उमगायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटरांत ती थांबते. ताशी ५०ची गाडी त्या एका सेकंदातच चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरीचा ब्रेक नुकता लागत असतो आणि ती जवळजवळ पूर्ण वेगानं आदळते. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेनं, माणसं आणि वाहनं जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वेगाची कमाल मर्यादा ताशी ३० ठेवा, असं सांगितलं ते याचमुळे. आपल्याकडे रिकाम्या रस्त्याचा खरा धोका रात्री अकरानंतर सुरू होतो. दिवसा कोंडी आपल्याला चिडवते, पण तीच वेगाला आवरूनही धरते.

पुण्यात सायकलसाठी काहीच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. २००६ नंतर केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेचा पैसा आला, कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेनं सायकल ट्रॅक बांधले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. देशातल्या मोजक्याच शहरांकडे असं काही आहे. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. मोबाइलवर कुलूप उघडायचं, काम झालं की ठरलेल्या जागी सोडायची. पहिले काही महिने त्या सायकली सगळीकडे दिसत होत्या. मग त्यांची मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, कंपन्यांचा हिशेब बसेना, आणि दोनेक वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यावरून गेल्या.

ट्रॅकचं काय झालं, ते सातारा रस्त्यानं किंवा गणेशखिंड रस्त्यानं चालत गेलं की कळतं. फुटपाथच्याच पातळीवर रंगीत पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा. त्यावर आधी विजेचा डीपी, मग झाड, मग बसथांबा, मग कुणाच्या तरी दुकानाचा उतार. टोकाला दुचाकी घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब असे रोवलेले, की डबे लटकवलेली सायकलही त्यांतून जात नाही आणि व्हीलचेअर तर नाहीच. चेंबरची झाकणं कुठे दोन इंच वर, कुठे दोन इंच खाली. सायकलवाला ट्रॅकवर चढतो, शंभर मीटर जातो, अडतो, उतरतो, सायकल उचलून रस्त्यावर घेतो. दोनतीनदा असं झालं की तो मुकाट्यानं मूळ रस्ताच धरतो. मग कुणीतरी फोटो काढून म्हणतं, ‘ट्रॅक रिकामे आहेत, सायकली आहेत कुठे?’ त्या रिकाम्या ट्रॅकवर लगेच पार्किंग होतं.

ट्रॅक नेमका जिथे सर्वांत जास्त हवा असतो, तिथेच तो संपतो: चौकात. सरळ रस्त्यावर मागून येणारी गाडी निदान त्याच दिशेनं जात असते. चौकात दिशा एकमेकींना छेदतात, वळणं येतात, आणि सायकलवाला व पादचारी दोघेही वळणाऱ्या गाडीच्या वाटेत सापडतात. तरी आपल्याकडे चौक आला की पट्टा तुटतो, फुटपाथ उतरतो आणि पुढचा साठ-सत्तर मीटरचा पल्ला ज्याचा त्यानं पाहायचा असतो. पलीकडे गेल्यावर ट्रॅक पुन्हा सुरू होतो.

यातही सर्वांत घातक असतं अवजड वाहनाचं डावं वळण. सिग्नलला ट्रक थांबलेला असतो. त्याच्या डाव्या बाजूला, फुटपाथलगतच्या फटीतून सायकल पुढे येते. कडेनं चाला, हेच तर आपण तिला शिकवलेलं असतं. केबिनमध्ये उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला त्याच्या डाव्या दाराखालचा आणि बंपरसमोरचा भाग आरशातही दिसत नाही. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून, कोपरा कापत जातात. सायकल त्या कोपऱ्यात असते. यात कुणी दारू प्यायलेलं नसतं, कुणी सिग्नल तोडलेला नसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चालकाचं नियंत्रण सुटल्यानं’ असं छापून येतं, आणि तो चौक जसाच्या तसा राहतो.

यावरचे उपाय माहीत असलेले आहेत आणि फार महागही नाहीत. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई कमी केली की गाडीला वळताना वेग कमी करावाच लागतो. डावीकडची कायम मोकळी वळणं बंद करता येतात. वाहनांची थांबरेषा मागे घेऊन सायकलींना पुढे उभं राहायला जागा आखली तर त्या ड्रायव्हरच्या नजरेसमोर येतात. सायकलींचा आणि पादचाऱ्यांचा सिग्नल चार-पाच सेकंद आधी सोडला तर गाडी वळायच्या आत ते चौकात पोचलेले असतात. आणि ट्रॅकचा रंगीत पट्टा चौक ओलांडून पलीकडच्या ट्रॅकला जोडायचाच. माझ्या मते आराखड्याचं यश किलोमीटरांत मोजणं बंद करून किती चौक सलग पार करता येतात, यात मोजायला हवं. सलग दहा चौक सांधलेली पाच किलोमीटरची वाट ही तुटक्या पन्नास किलोमीटरांपेक्षा मोलाची आहे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहरानं हे करून दाखवलं. २००६-०७ मध्ये त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचं जाळं जवळजवळ एका दमात उभं केलं; सलग, एकमेकांना जोडलेलं, वाहनांपासून कठड्यानं वेगळं. त्यासाठी हजारो गाड्यांच्या पार्किंगच्या जागा काढल्या. आधी तिथे सायकल नावापुरती होती. पुढच्या काही वर्षांत तिचा वापर कितीतरी पटींनी वाढला. आपल्याकडच्या उन्हात सायकल कोण चालवणार, असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की सेव्हिलचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो.

चालणाऱ्यांची अवस्था याहून वेगळी नाही, आणि चालतो तर प्रत्येकजण. पीएमपीची बस पकडणारा प्रत्येक प्रवासी आधी पादचारी असतो. फुटपाथची कड दीडशे मिलीमीटरहून, म्हणजे सहा इंचांहून उंच नसावी, असं इंडियन रोड काँग्रेसचं मानक आहे. प्रत्यक्षात ती कित्येक ठिकाणी गुडघ्याला येते, म्हणून गुडघेदुखीची आजी रस्त्यावरून चालते, आणि लोक म्हणतात, फुटपाथ असून वापरत नाहीत. सिग्नलची वेळ धरताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं मानायची पद्धत आहे. या हिशेबानं २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत ओलांडला जातो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला तीस सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद तो सुटलेल्या गाड्यांसमोर असतो. पादचारी पूल हा यावर उतारा नव्हे. दोन मजल्यांचे जिने चढून पलीकडे उतरणं ज्याला जमतं, त्याला त्या पुलाची गरज सर्वांत कमी असते.

चांगलं काम इथेही झालं आहे, ते सांगितलंच पाहिजे. २०१६ मध्ये पुण्यानं पादचारी धोरण स्वीकारलं. त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाला, बसायला बाक आले, आणि आज संध्याकाळी तिथे बाबागाडी घेऊन आलेली जोडपी आणि कट्ट्यावर विसावलेले ज्येष्ठ नागरिक दिसतात. दर वर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला जातो. वर्षातल्या एका दिवशी जे जमतं ते निदान दर रविवारी जमायला काय हरकत आहे?

कायदाही आता मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या आखणीतल्या किंवा देखभालीतल्या चुकीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अडथळे नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे; त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. आणि ठोकरून पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. बिगाऱ्याच्या, पेपरवाल्याच्या घरी ही माहिती पोचतच नाही. आपल्या ओळखीत असं घर असेल तर ती तुम्ही पोचवा.

गाडी चालवणाऱ्यांनी एक साधी सवय लावून घ्यावी. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडावं. तसं करताना अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. आणि सायकलला मागे टाकताना निदान एक मीटर अंतर सोडावं; खड्डा चुकवायला तिला तेवढी जागा लागते.

पुणे महापालिका २००६ पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवणारे अर्ज मागवत आली आहे. आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात तो अर्ज देता येतो. पुढच्या वेळी त्यात बाक, फलक, सुशोभीकरण असं काही लिहू नका. तुमच्या मुलाच्या शाळेच्या वाटेवरचा जो चौक ओलांडताना तुम्ही त्याचा हात घट्ट धरता, त्या चौकाचं नाव लिहा, आणि सलग पदपथ, आखलेला सायकल पट्टा व पादचाऱ्यांना पुरेशा वेळाचा सिग्नल एवढंच मागा. शेजारच्या चार घरांनाही तोच चौक लिहायला सांगा.