बारा लिटरचं गणित आणि चार लिटरचं घर

लेहमध्ये जानेवारीत एक खोली उबदार ठेवायला रोज किती रॉकेल लागेल? कागद-पेन घ्या, गणित सोपं आहे. उत्तरही बरोबर येतं, पण त्यावरून खर्चाचा अंदाज बांधलात तर फसाल.

4 बाय 4 मीटरची, अडीच मीटर उंच सुटी खोली घेऊ. भिंती 40 सेंटिमीटर जाड कच्च्या विटांच्या, छप्पर मातीचं, एकेरी काचेची एक खिडकी. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना उष्णता किती निसटते? भिंतींतून साधारण 53 वॉट, छपरातून 24, खिडकीतून 11, फटींतल्या हवेबरोबर 9. (समुद्रसपाटीला हा शेवटचा आकडा 13 आला असता. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, म्हणून ती उष्णताही कमी नेते.) बेरीज 97, आपण 100 धरू. जमिनीतून जाणारी उष्णता सध्या सोडून देतेय.

आत 18 अंश हवेत, बाहेर दिवसरात्रीची सरासरी उणे 7 धरा. फरक 25 अंश, आमच्या भाषेत दिवसाचे 25 डिग्री-डे. 25 गुणिले 100 गुणिले 24 तास म्हणजे 60,000 वॉट-तास, म्हणजेच 60 युनिट. हो, वीजबिलावरचंच युनिट. लिटरभर रॉकेलातून साधारण 10 युनिट उष्णता मिळते. बुखारी म्हणजे धुराडं असलेली लोखंडी शेगडी. त्यातली निम्मी उष्णता धुराड्यातून गेली असं समजू. म्हणजे रोज 12 लिटर. लिटरला 80 रुपये धरले तर महिन्याला जवळजवळ 29 हजार!

एका खोलीसाठी एवढं कोण जाळणार? माणसं संध्याकाळी काही तास बुखारी पेटवतात, लोकरीचे कपडे घालून सगळे एकाच खोलीत बसतात, दुपारी दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन घेतात. समजा हे घर रोज 4 लिटर जाळतं. खोलीला मिळाली 20 युनिट, म्हणजे आतली सरासरी बाहेरच्यापेक्षा जेमतेम 8 अंशांनी वर. ऊन सोडलं तर 1 अंश! सकाळी भांड्यातलं पाणी गोठलं तर नवल नाही.

आता भिंतींना आणि छपराला 10 सेंटिमीटरचा उष्णतारोधक थर द्या, काच दुहेरी करा. 97 चे होतात सुमारे 32. पुन्हा गणित करा: 18 अंशांसाठी रोज 4 लिटर पुरतात. अहवालात लिहिलं जाईल, ‘रोज 8 लिटरची बचत’. पण घरात आधीही 4 च जळत होते! रुपयात बचत शून्य. मिळाली ती ऊब, आणि माझ्या मते तीच खरी कमाई, फक्त बचतीच्या तक्त्यात तिला रकानाच नसतो.

हे फक्त लेहचं नाही. केंब्रिजच्या मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये सुमारे 3,400 जर्मन घरांची आकडेवारी तपासली. प्रत्यक्ष वापर गणितापेक्षा सरासरी 30 टक्के कमी निघाला, आणि घर जितकं गळकं तितकी तफावत मोठी. याला त्यांनी ‘प्रीबाउंड’ परिणाम म्हटलं.

म्हणून अंदाज काढताना 18 अंशांपासून सुरुवात करू नका. आधी विचारा, गेल्या हिवाळ्यात किती लिटर आणलं? मग खोलीत आणि बाहेर एकेक थर्मामीटर ठेवा. दोन-चार ढगाळ दिवसांच्या नोंदी मिळाल्या, की ऊन मधे न येता वरचं गणित उलटं सोडवता येतं आणि त्या घराचा स्वतःचा ‘100’ हाती येतो.