मोटारींची शर्यत आणि तिचें सूत्र

मोटार ही वस्तु आपल्या छत्रपति संभाजीनगरास मुळींच अपरिचित नाहीं. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होत आहेत. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. आणि २०१० च्या ऑक्टोबरांत या शहरांतील लोकांनीं एकत्र जमून दीडशेंच्या घरांत मर्सिडीझ गाड्या एकदम खरेदी केल्या, तेव्हां साऱ्या देशानें डोळे विस्फारून इकडे पाहिलें होतें. असें असूनहि रविवारीं दूरचित्रवाणीवर ‘फॉर्म्युला वन’ची शर्यत लागली म्हणजे मोटारींत हयात घालविलेला कारागीरहि पांच मिनिटांत गोंधळून जातो. पुढें असलेली गाडी आपण होऊन थांबते कां? मागची गाडी पुढचीला ओलांडतांना कोठेंच दिसली नाहीं, मग ती एकाएकीं पहिली कशी झाली? आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर चालकानें वेग कां कमी केला?

या कोड्यांकडे वळण्यास निमित्तहि चांगलें आहे. ज्या चार कड्यांच्या ऑडी गाड्यांची जुळणी शेंद्र्याच्या कारखान्यांत होत आली, त्या ऑडीनें २०२६ च्या हंगामापासून आपला स्वतःचा संघ या शर्यतींत उतरविला आहे. तेव्हां इतउत्तर ही शर्यत अगदींच परक्याची म्हणतां येणार नाहीं.

‘फॉर्म्युला’ या शब्दानें कोणास रसायनशास्त्राचा वर्ग आठवेल. येथें त्याचा अर्थ निराळा आहे. गाडी केवढी असावी, तिचें वजन किती, एंजिन कसें, चाकें कोणतीं, शर्यतीचें अंतर किती, याविषयीं सर्वांनीं मान्य केलेली नियमावली म्हणजे फॉर्म्युला. शंकरपटाच्या मैदानावर अटी ठरल्याखेरीज बैलजोड्या सुटत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथल्या अटी शेंकडों पानें भरून लिहिलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेनें, म्हणजे ‘एफआयए’नें, हें सूत्र बांधलें, आणि १३ मे १९५० रोजीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. ती इटलीच्या ज्युसेप्पे फारीनानें जिंकली. फॉर्म्युला टू व फॉर्म्युला थ्री या खालच्या पायऱ्या होत. तेथें आज सर्वांस एकाच नमुन्याची गाडी मिळते, म्हणून कसोटी मुख्यतः चालकाची लागते. फॉर्म्युला वनमध्यें मात्र प्रत्येक संघानें आपली गाडी आपणच रचावयाची असते. त्यामुळें अजिंक्यपदेंहि दोन आहेत: एक चालकाचें आणि एक गाडी बांधणाऱ्या संघाचें. २०२६ मध्यें अकरा संघांच्या मिळून बावीस गाड्या आहेत. शर्यतींत पहिल्यास २५ गुण, दुसऱ्यास १८, तिसऱ्यास १५ आणि असें उतरत दहाव्यास १.

माझें सांगणें असें कीं, नवख्यानें आरंभीं वेगाकडे पाहूंच नये, नियमाकडे पाहावें. या खेळांत जें जें चमत्कारिक दिसतें त्याच्या मुळाशीं कोणतें तरी कलम असतें.

शुक्रवारीं सराव, शनिवारीं पात्रतेची फेरी आणि रविवारीं शर्यत, असा सामान्यतः क्रम असतो. पात्रतेचे तीन टप्पे असतात. पहिल्या दोहोंत सहा-सहा गाड्या गळतात आणि उरलेल्या दहा पुढच्या जागांसाठीं झगडतात. मोनाकोसारख्या गांवांत, जेथें घरांमधल्या अरुंद रस्त्यांवरूनच शर्यत जाते, तेथें शनिवारींच निम्मा निकाल लागतो म्हटलें तरी चालेल. शर्यतीचें अंतर ३०५ किलोमीटरांहून किंचित् अधिक असतें; मोनाको येथें तें सुमारें २६० किलोमीटर आहे.

आतां गाडीकडे वळूं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून विमान उठतें तें पंखावरील वाऱ्याच्या बळानें. या गाडीलाहि पुढें-मागें पंख असतात, पण ते उलटे बसविलेले. वारा विमानाला वर उचलतो, तर गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. चालकासह गाडीचें वजन साडेसातशें-आठशें किलोंच्या दरम्यान असतें; परंतु पुरेसा वेग आला कीं वाऱ्याचा दाब या वजनापेक्षांहि अधिक होतो. म्हणूनच वळणावर ती घसरत नाहीं. यांतूनच एक अडचणहि उद्भवते. पुढच्या गाडीनें वारा विसकटून टाकलेला असतो. त्या विसकटलेल्या वाऱ्यांत मागच्या गाडीचा दाब कमी होतो आणि वळणावर तिला जवळ राहतां येत नाहीं. यावर तोड म्हणून २०११ पासून २०२५ पर्यंत मागच्या गाडीला ठराविक जागीं आपला पंख उघडण्याची सवलत होती. २०२६ पासून पंख हलविण्याची मुभा सर्वांनाच मिळाली आहे आणि पुढच्याच्या एका सेकंदाच्या आंत असलेल्या गाडीस विजेची थोडी अधिक शक्ति वापरतां येते.

परंतु शर्यतीचें खरें मर्म टायरांत आहे. टायर हा येथें जपून खर्च करावयाचा पैसा आहे. २०११ पासून सर्वांना पिरेली हीच कंपनी टायर पुरविते. प्रत्येक शर्यतीस तीन प्रकार असतात: तांबड्या पट्ट्याचा मऊ, पिवळ्याचा मध्यम आणि पांढऱ्याचा कठीण. मऊ टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कठीण टायर टिकतो, पण धीमा. नियम असा कीं, कोरड्या रस्त्यावरील शर्यतींत निदान दोन प्रकार वापरलेच पाहिजेत. म्हणजे पुढें असलेली गाडी थांबते ती कायद्यानेंच थांबते. शर्यतींत मध्येंच इंधन भरण्यास २०१० पासून बंदी आहे. थांबणें तें चाकांसाठीं. वीसएक माणसें गाडीला भिडतात आणि दोन-अडीच सेकंदांत चारी चाकें बदलून मोकळीं होतात. २०२३ मध्यें कतारला मॅक्लारेनच्या माणसांनीं हें काम १.८० सेकंदांत उरकलें. पंक्चरवाल्याच्या दुकानापुढें आपल्याला स्कूटर उभी करावयास यापेक्षां अधिक वेळ लागतो! मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. थांब्याच्या गल्लींत वेगाची मर्यादा बहुधा ताशीं ८० किलोमीटर असते, आणि तेथून जाण्यायेण्यांत एकंदर वीस सेकंदांच्या आसपास खर्ची पडतात.

येथेंच आपल्या दुसऱ्या कोड्याचें उत्तर आहे. समजा, एक गाडी पुढें आहे आणि दुसरी तिच्या दोन सेकंद मागें. थांबावयाचें दोघींनाहि आहे, तेव्हां तो तोटा सारखाच. मागची गाडी आधीं थांबते आणि नवे टायर घालून दर फेरीस दीड सेकंद वांचवूं लागते. पुढची जुन्या टायरांवर आणखी दोन फेऱ्या काढते. तेवढ्यांत मागचीनें तीन सेकंद कमावले. आतां पुढची थांबून बाहेर येते, तों प्रतिस्पर्धी एक सेकंद पुढें निघून गेलेला! रस्त्यावर कोणी कोणास ओलांडलें नाहीं; ओलांडलें तें हिशेबानें. ज्याला हा हिशेब मनांत मांडतां येऊं लागला त्याला शर्यत कळूं लागली.

टायरांचा नियम केवढा अनर्थ करूं शकतो याचें उदाहरण १९ जून २००५ चें आहे, आणि त्यांत आपला एक माणूसहि आहे. त्या वर्षीं एकाच संचावर सारी शर्यत काढावी असा नियम होता. अमेरिकेंत इंडियानापोलिसच्या उतरत्या वळणावर मिशेलिन कंपनीचे टायर टिकतील याची ग्वाही खुद्द कंपनीलाच देववेना. वळणापूर्वीं वेग कमी करणारा अडथळा घालण्याची विनंती अमान्य झाली. तेव्हां त्या टायरांच्या चौदा गाड्या आरंभापूर्वींची फेरी मारून परत फिरल्या, आणि लक्षावधि प्रेक्षकांपुढें अवघ्या सहा गाड्या धांवल्या. त्यांत त्याच वर्षीं फॉर्म्युला वनमध्यें आलेला पहिला भारतीय नरेन कार्तिकेयन चौथा आला. कोणी या यशाला नशिबाचें म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. शेवटपर्यंत गाडी नीट नेणें हेंहि कामच आहे.

नियमाचा अर्थ कोण लावतो यावरहि कधीं सारें अवलंबून राहतें. १२ डिसेंबर २०२१ रोजीं अबू धाबीला शेवटच्या शर्यतीपूर्वीं लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापन यांचे गुण अगदीं समसमान, प्रत्येकीं ३६९.५, होते. हॅमिल्टन पुढें असतांना एका गाडीला अपघात झाला आणि सर्वांना संथ चालविणारी सुरक्षा-गाडी आली. व्हर्स्टापननें ताजे मऊ टायर घेतले. शर्यतीच्या संचालकांनीं दोघांच्या मधल्या पांचच गाड्यांना पुढें जाऊं दिलें, एक फेरी शिल्लक राहिली, आणि त्या फेरींत अजिंक्यपद हातचें गेलें. पुढें संघटनेनें यांत माणसाकडून चूक झाल्याचें मान्य केलें. निकाल मात्र कायम राहिला.

सरळ रस्त्यावर वेग कां कमी होतो, हें तिसरें कोडें २०२६ च्या नव्या सूत्रानें अधिकच ठळक केलें आहे. एंजिन १.६ लिटरांचें, सहा नळकांड्यांचें. पण गाडीची जवळजवळ अर्धी शक्ति आतां विजेची असते. ३५० किलोवॅटची मोटर ब्रेक लावतांना वीज निर्माण करून साठविते आणि पुढें तीच गाडीला ढकलते. साठा लहान असल्यामुळें चालकाला तो पुरवून वापरावा लागतो. वळणापूर्वींच पाय सैल सोडून तो पुढच्या सरळ टप्प्यासाठीं वीज जमवीत असतो. इंधनहि आतां नव्यानें उपसलेल्या खनिज तेलाचें चालत नाहीं. ऑडी आली ती या सूत्रामुळेंच. २०२२ च्या ऑगस्टांत हे नियम ठरतांच तिनें आपला मनोदय जाहीर केला, स्वित्झर्लंडमधील सौबर हा जुना संघ घेतला आणि जर्मनींत नॉयबुर्ग येथें एंजिन बांधावयास घेतलें.

कांहीं कलमें मात्र रक्तानें लिहिलेलीं आहेत. १९९४ मध्यें इटलींत इमोला येथें ३० एप्रिलला रोलांड राट्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशीं आयर्टन सेना मरण पावले. २०१४ मध्यें जपानांत सुझुका येथें पावसांत झ्यूल बियांकीच्या डोक्यास जबर दुखापत झाली आणि २०१५ च्या जुलैंत तो गेला. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोंवतीं टिटॅनियमची एक कमान सक्तीची झाली. तिला ‘हेलो’, म्हणजे प्रभावळ, म्हणतात. गाडी कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. त्यांत रोमँ ग्रोझाँ हा चालकहि होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीनला त्याचीच गाडी लोखंडी कठडा फोडून दुभंगली आणि पेटली. कमानीनें डोकें वांचविलें. आगींतून तो २८ सेकंदांनीं आपल्या पायांनीं बाहेर आला. हात तेवढे भाजले होते.

आपल्या देशांत २०११ ते २०१३ अशीं तीन वर्षें ग्रेटर नोइडाला ही शर्यत झाली. तिन्ही वेळां सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि पुढें करांच्या वादांत ती बंद पडली. तरीहि हें सूत्र जवळून पाहावयाचें तर परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ नांवाच्या स्पर्धेसाठीं आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः एकासनी गाडी बांधतात, मुंबईच्या आय. आय. टी.च्या मुलांनीं आपली विजेची गाडी सिल्व्हरस्टोनपर्यंत नेली आहे. तेथें नुसत्या वेगास गुण नाहींत. रचनेला, खर्चाच्या हिशेबाला आणि सुमारें बावीस किलोमीटरांच्या टिकाऊपणालाहि आहेत. धांवपट्टीवर जाण्यापूर्वीं परीक्षक गाडी तपासतात. पट्टे आवळून, शिरस्त्राण घालून मुलाला आंत बसवितात आणि घड्याळ लावून बाहेर पडावयास सांगतात. त्याला पांच सेकंद मिळतात. तेवढ्यांत तो बाहेर आला नाहीं, तर ती गाडी धांवत नाहीं.